बाटलीत काय आहे ते सांगा

गेल्या वर्षी डिसेंबरात एकाच दिवशी माझ्या फोनवर दोन फोटो आले.

पहिला सकाळी, मामाचा. मामा सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात शेती करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एकरभर जिरेनियम लावलं. फोटो एका छापील कागदाचा होता. वर एक आलेख, त्यात उंच-बुटकी शिखरं, खाली तक्ता: सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, आयसोमेंथोन, लिनॅलूल, आणि प्रत्येकासमोर टक्केवारी. पाठोपाठ मामाचा आवाज, "आगं, ह्यात काय लिवलंय ते सांग जरा. म्हनत्यात तेल बसत न्हाय, भाव कमी लागंल."

दुसरा दुपारी, आईने फॅमिली ग्रुपवर टाकलेला. आई सांगलीत राहते. फोटोत तपकिरी काचेची दहा मिलीची बाटली, शेजारी हिरवं पान, पानावर दवाचा थेंब. खाली मजकूर: '१०० टक्के शुद्ध जिरेनियम ऑइल. पूर्णपणे नैसर्गिक. केमिकल-फ्री. झोप, ताण, थायरॉइड, शुगर, सांधेदुखी, सगळ्यांवर एकच उपाय.' आणि आईचा प्रश्न, "यात आपल्या आबाचंच तेल असेल का गं?"

असेलही. तेल तेच असेल. पण तेच तेल मामाकडून विकत घेताना व्यापारी त्यातल्या एकेका रसायनाचं नाव घेऊन, दशांश चिन्हापर्यंत मोजून भाव पाडतो. आणि तेच माझ्या आईला विकताना त्यात एकही रसायन नाही असं सांगतो. गेले वर्षभर मी या दोन फोटोंवर चिडलेली आहे. हा लेख त्या चिडीतून आलाय. चिडीचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

सेंद्रिय म्हणजे काय रे भाऊ

मी कोल्हापूरला सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. त्यामुळे लग्नकार्यात मला दोन प्रश्न हमखास येतात. एक, "मग तू सेंद्रिय शेतीवाली का?" आणि दोन, "हे केमिकलचं शिकून तुला घरी गवती चहा चालतो का?" गवती चहाच्या वासात सिट्रल असतं, आल्यात झिंजिबेरीन, ओव्यात थायमॉल, लवंगेत युजेनॉल. सेंद्रिय रसायनशास्त्र ही मुळात स्वयंपाकघराचीच नातेवाईक. पण 'केमिकल' हा शब्द आपण शिवीसारखा वापरायला लागलो आणि सगळा घोटाळा झाला.

तर आधी हे तेल म्हणजे काय ते पाहू. 'इसेन्शियल' म्हणजे अत्यावश्यक नव्हे. तो शब्द 'एसेन्स'वरून आला, म्हणजे अर्क. आणि 'ऑइल' असलं तरी ते आपल्या शेंगदाण्याच्या तेलासारखं तेल नाही. घरी करून बघा: कागदावर एक थेंब शेंगतेलाचा आणि एक थेंब निलगिरीचा टाका. थोड्या वेळाने शेंगतेलाचा डाग राहतो, निलगिरीचा थेंब जवळजवळ पूर्ण उडून जातो. एक आहे स्निग्ध पदार्थ, दुसरं हवेत उडणाऱ्या छोट्या छोट्या रेणूंचं मिश्रण. हे रेणू झाडाने आपल्यासाठी बनवलेले नाहीत. किडीला पळवायला, बुरशी मारायला, परागकण वाहणाऱ्या माशीला बोलवायला झाडं अशी रसायनं करतात. यातलं बरंचसं झाडांचं शस्त्रागार आहे.

मामाच्या गावाजवळ तेल काढायचं युनिट आहे. पाला स्टीलच्या मोठ्या टाकीत दाबून भरतात, खालून वाफ सोडतात. जिरॅनिऑल एकटं उकळायचं तर २३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, पण पाण्याच्या वाफेसोबत ते शंभर अंशांच्या आतच वर येतं, कारण दोघांच्या वाफेचा दाब एकत्र मोजला जातो. पुढे नळी थंड केली की पाणी खाली, तेल वर. टनभर पाल्यातून साधारण किलोभर तेल, कधी त्याहून कमी.

हा आकडा लक्षात ठेवा. म्हणजे दहा मिलीच्या बाटलीत नऊएक किलो पाला आहे. एका थेंबात पंचेचाळीस ग्रॅम. कुणी तुम्हाला ओंजळभर जिरेनियमचा पाला चावून खा म्हटलं तर तुम्ही विचार कराल. थेंबाचा मात्र कुणी विचार करत नाही.

मामाला मी कागद समजावून सांगितला. जिरेनियमच्या तेलात शंभराहून जास्त घटक असतात, पण अत्तरवाले मुख्यतः सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांचं एकमेकांशी प्रमाण बघतात. ऋतू, पाल्याचं वय, कापणीची वेळ यांनी ते बदलतं. मामाने पाऊस लांबला म्हणून कापणी उशिरा घेतली होती. रोपं विकताना त्याला बारा हजार रुपये किलोचं स्वप्न दाखवलेलं. प्रमाणाची गोष्ट पहिल्या तेलानंतर कळली. आता साडेसात म्हणताहेत. मामा ऐकून घेऊन म्हणाला, "मंजे आमी पाला न्हाय, केमिकलच पिकवतुया की."

मामा सातवी शिकलाय. पण जाहिरात लिहिणाऱ्या एमबीएपेक्षा त्याला जास्त कळलं.

मिरजेतली रात्र

आता दुसरं कारण. त्या फोटोंच्या आधीच्या हिवाळ्यात माझी भाची, ताईची मुलगी, अडीच वर्षांची, आजोळी सांगलीत आली होती. सर्दीने नाक चोंदलेलं. ताप नव्हता. आईकडे कुणीतरी सहलीवरून भेट आणलेली बाटली होती, निलगिरी आणि कापूर एकत्र असलेली. आईने ती तिच्या छातीला चोळली, नाकाखाली लावली, खोलीचं दार लावून गरम पाण्यात आणखी आठ-दहा थेंब टाकून वाफारा ठेवला. प्रेमाने, काळजीने. अर्ध्या तासाने पोरीला फिट आली.

मिरज जवळ होती म्हणून बरं. रिक्षातून रुग्णालयात पोचेपर्यंत झटके थांबले होते. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अंगाला काय लावलं? पोटात काय गेलं?" आईने पिशवीतून बाटली काढून दिली. डॉक्टरांनी ती दिव्याखाली धरली, फिरवली, परत फिरवली. समोर लिहिलं होतं: '१०० टक्के शुद्ध', 'नैसर्गिक', 'केमिकल-फ्री', 'संपूर्ण कुटुंबासाठी'. मागे किंमत आणि एक मोबाइल नंबर.

कापूर किती टक्के? लिहिलेलं नाही. निलगिरी कुठली? लिहिलेलं नाही. पातळ केलेलं की शुद्ध अर्क? नाही. कुठल्या वयाच्या आत वापरू नये? नाही.

त्या बाटलीवर काय नाही ते सगळं लिहिलं होतं. काय आहे ते कुठेच नव्हतं. आणि रात्री सव्वा अकरा वाजता डॉक्टरांना नेमकं तेवढंच हवं होतं.

भाची बरी आहे. आता फार बोलते. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "याच्यामुळेच झालं असं मी शंभर टक्के नाही सांगू शकत. पण ताप नव्हता, आधी कधी फिट नव्हती, आणि कापूर-निलगिरीने हे होतं. परत वापरू नका." हे त्यांचं एकट्याचं मत नाही. दक्षिण भारतातल्या काही रुग्णालयांतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मिळून केलेला अभ्यास २०२१ साली 'एपिलेप्सी रिसर्च' या नियतकालिकात आला. फिट आलेल्या ३५० प्रौढ रुग्णांना त्यांनी तेलं, बाम, वाफारा यांबद्दल नेमकेपणाने विचारलं. ५५ जणांच्या फिटचा संबंध अशा तेलांशी लागला, मुख्यतः निलगिरी आणि कापराशी. त्या प्रश्नाशिवाय त्या फिट कशामुळे आल्या ते कळलंच नसतं. लहान मुलांत तर अर्धा ते एक ग्रॅम कापूर पोटात जाऊन मृत्यू ओढवल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणूनच अमेरिकेत १९८० च्या दशकापासून दुकानात मिळणाऱ्या औषधांत कापूर ११ टक्क्यांच्या वर ठेवता येत नाही.

तेव्हापासून आई नातीला नुसतं खोबरेल लावायचं तरी ताईला विचारते. मला राग आहे तो याचा. चूक बाटलीची आणि अपराधी वाटतंय आईला.

आजी वेढे मोजायची

इथे एक वाक्य हमखास येतं: "आपल्या आज्या-पणज्या हेच करत होत्या, कुणाला काही झालं नाही."

माझी आजी काय करत होती ते सांगते. बाळगुटी द्यायची झाली की ती सहाण धुवायची, त्यावर आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्यायची, आणि मायफळाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, मुरुडशेंगेचा एक, असे मोजून उगाळायची. वेढा म्हणजे सहाणेवर एकदा गोल फिरवणं. बाळ महिन्याचं असेल तर एक, तीन महिन्यांचं असेल तर दोन. जुलाब होत असतील तर हे कमी, ते बंद. वेढा हे आजीचं मिलिग्रॅम होतं. ती वस्तू द्यायची आणि वस्तूसोबत माप द्यायची. ज्यांना माप माहीत नव्हतं त्यांना ती सहाणेला हात लावू देत नव्हती.

पोट दुखलं की आजी अमृतधारा काढायची. १९०१ सालापासून लाहोरहून ते नाव देशभर गेलं आणि पुढे घरोघरी लोक ती स्वतः करू लागले. पेपरमिंटचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर. तिन्ही कोरडे स्फटिक. एका शिशीत घालून हलवले की पाणी न घालता, गरम न करता आपोआप पातळ होतात, कारण मिश्रणाचा वितळणबिंदू एकेकट्याच्या खाली उतरतो. हे शुद्ध रसायनशास्त्र आहे आणि आजी ते शेगडीशेजारी बसून करत होती. तिला त्याची लाज नव्हती. ती म्हणायची, "बत्ताशावर दोन थेंब. तिसरा टाकशील तर मार खाशील."

बाटलीने आजीचं औषध घेतलं, आजीचं नाव घेतलं, आजीचा फोटोही लेबलवर छापला. फक्त तिचं माप टाकून दिलं. आणि उगाळलेल्या एका वेढ्याच्या जागी किलोभर पाल्याचा अर्क ठेवला. याला परंपरा म्हणायचं नसतं.

आणि आजीचंही सगळंच बरोबर होतं असं नाही. तिच्या गुटीत वेखंड असायचं. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन असतं, आपल्याकडच्या जातीत तर ते फार जास्त. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्याने गाठी झाल्या म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आजीला हे कळायचा मार्ग नव्हता. आपल्याला आहे. तिचा मान ठेवायचा तर तिच्या मोजण्याच्या सवयीचा ठेवू. वेखंड काढून टाकलं म्हणून तिचा अपमान होत नाही.

पी हळद नि हो गोरी

सांगलीत राहून हळदीवर बोलायचं नाही, हे कसं चालेल? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या मार्केट यार्डात सौद्याच्या दिवसात फिरलात तर तो वास कपड्यांना घरापर्यंत येतो. तो वास म्हणजे हळदीचं तेल: टर्मेरोन नावाचे दोन-तीन भाऊ.

आता हळदीचं इसेन्शियल ऑइलही बाटलीत आलंय. त्याच्या जाहिरातीत काय असतं? 'करक्युमिनची ताकद.' साहेब, करक्युमिन वाफेसोबत वर येतच नाही. ते जड, पिवळं, न उडणारं रसायन आहे. आसवनानंतर ते खालच्या चोथ्यात राहतं. वाफेवर काढलेल्या हळदीच्या तेलात करक्युमिन शोधणं म्हणजे उसाच्या रसवंतीत चिपाडं सोडून रसात चोथा शोधणं. टर्मेरोनचे स्वतःचे गुण असतील, त्यावर संशोधन चालू आहे. मग त्याचं नाव लिहा ना. पण टर्मेरोन हे 'केमिकल' वाटतं आणि करक्युमिन टीव्हीवर ऐकलेलं असतं. पी हळद नि हो गोरी, ही म्हण आपण उतावळ्या गिऱ्हाइकाला लावतो. ती विकणाऱ्यालाही लावायला हवी.

याच हळदीने मला जपणुकीचा धडाही दिला. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे हळद जमिनीखाली पेवांत साठवत. वीस-पंचवीस फूट खोल, तोंडाशी अरुंद, पोटात रुंद असा खड्डा. हळद भरली की तोंड माती लावून बंद. आत हवा खेळत नाही, कीड गुदमरून मरते, हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात यातली बहुतेक पेवं निकामी झाली. पण ज्यांनी ती वापरली त्यांच्याकडून ऐका: पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. वाट बघायची, हवा खेळू द्यायची, मगच उतरायचं. जी बंद हवा हळद राखते ती माणूस मारते, हे हमालाच्या पोरालाही शिकवलेलं असे. पेवाला पाटी नव्हती, पण धोका सांगितल्याशिवाय कुणी कुणाला पेवात उतरवत नव्हतं.

बाटलीतल्या तेलाचंही हवेशी वैर आहे. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, लव्हेंडरमधलं लिनॅलूल, टी-ट्रीमधले घटक हवेशी संयोग पावून बदलतात, आणि ती बदललेली रूपं त्वचेला ॲलर्जी आणतात. काल चाललेलं तेल वर्षभराने अंगावर पुरळ आणतं. खिडकीत, उन्हात, अर्धी रिकामी बाटली ठेवणं सगळ्यात वाईट. त्यामुळे तेल कधी काढलं आणि उघडल्यावर किती दिवस वापरायचं, हे लेबलवर हवंच. माझ्या घरातल्या सहा बाटल्या तपासल्या. एकीवरही नाही.

शुद्धतेचा हिशेब

'१०० टक्के शुद्ध' हेही जरा मोजू. महाराष्ट्राला या खेळाचा जुना अनुभव आहे. खानदेशात रोशा नावाचं गवत होतं. त्याचं तेल भट्टीवर काढून मुंबईमार्गे तुर्कस्तानाकडे जायचं, आणि तिथे गुलाबाच्या महाग अत्तरात मिसळलं जायचं. कारण दोन्हींत जिरॅनिऑल. गंमत म्हणजे या रसायनाचं बारसं याच भानगडीतून झालं. रोशाच्या तेलाला बाजारात 'इंडियन जिरेनियम' म्हणत. १८७१ मध्ये ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेल्या अशाच गवताच्या तेलातून ते वेगळं काढलं आणि नाव ठेवलं जिरॅनिऑल. म्हणजे नाव जिरेनियमचं, गवत आपलं, आणि विकलं गेलं गुलाब म्हणून.

आज गुलाबाचं किलोभर तेल काढायला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. दहा मिलीला तीस-पस्तीस किलो. आणि ऑनलाइन '१०० टक्के शुद्ध रोज ऑइल' मिळतं २९९ रुपयांना, घरपोच. बाजारात पाकळ्यांचा भाव विचारा, गुणाकार करा, मग ठरवा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

यात भरडला जातो तो मामासारखा शेतकरी. कारण स्वस्त कृत्रिम जिरॅनिऑल घालून वाढवलेल्या तेलाशी त्याच्या खऱ्या तेलाची स्पर्धा आहे. लेबलवर घटक न छापण्याचा फायदा भेसळ करणाऱ्याला होतो, खरं तेल पिकवणाऱ्याला कधीच नाही. मामाच्या तेलाचा तो आलेख लेबलवर आला तर मामाचं काही बिघडत नाही. ज्यांचं बिघडतं ते कोण, हे शोधा.

"तू औषध कंपन्यांची एजंट आहेस"

हा आरोप मला घरातूनच झालेला आहे, म्हणून उत्तर देऊन टाकते. ही तेलं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. दातांचे डॉक्टर आजही युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातात तात्पुरतं सिमेंट भरतात. तो दवाखान्याचा वास लवंगेचाच. पेपरमिंट तेलाच्या आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलनी पोटातल्या मुरड्यांना आराम पडतो, याला चांगला पुरावा आहे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात मुरुमांच्या १२४ रुग्णांवर पाच टक्के टी-ट्री जेल आणि पाच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. टी-ट्रीने सावकाश का होईना, मुरुमं कमी केली.

पण या प्रत्येक वाक्यात काय आहे बघा. कुठलं रसायन, किती टक्के, कशात मिसळून, कुठल्या तक्रारीवर. उपयोग तिथेच सिद्ध होतो जिथे माप असतं. 'शुगर, थायरॉइड, सांधे, ताण' असा जो सरसकट दावा आईच्या फोनवर आला, त्याला माप नाही म्हणून पुरावाही नाही. मधुमेह आणि कर्करोगासारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याने मनाई आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला. व्हॉट्सॲप ग्रुपवर तो अजून जॉइन झालेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "बचत गटाच्या बायका बाटल्या भरून विकतात, त्यांनी प्रयोगशाळा कुठून आणायची?" कबूल. पण झाडाचं शास्त्रीय नाव लिहायला प्रयोगशाळा लागत नाही. 'निलगिरी' म्हणून आपल्याकडे दोन वेगळी तेलं विकली जातात: एकात सत्तर टक्क्यांच्या वर सिनिओल, दुसरं लिंबाच्या वासाचं, त्यात मुख्य सिट्रोनेलॅल. नाव एक, रसायन दोन. 'पोटात घेऊ नये', 'लहान मुलांना लावू नये', 'फिटचा त्रास असलेल्यांनी वापरू नये' हे छापायला तीन ओळी लागतात आणि शाईचा खर्च सारखाच येतो. सांधेदुखीच्या विंटरग्रीन तेलाचा एक चमचा, म्हणजे पाच मिली, हा ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांइतका डोस आहे. हे माहीत असूनही न छापणाऱ्याला गरिबीची सबब चालणार नाही. आणि घटकांचा रिपोर्ट? तो तेल खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याकडे आधीच असतो. मामाला भाव कमी करताना त्याने तो दाखवलाच होता.

तुमच्या बाथरूममधली शाम्पूची बाटली उलटी करून बघा. परदेशी ब्रँड असेल तर मागे बारीक अक्षरात लिमोनीन, लिनॅलूल, सिट्रल, जिरॅनिऑल अशी नावं सापडतील. युरोपने २००३ मध्ये अशा २६ सुगंधी घटकांची नावं छापणं सक्तीचं केलं, अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असली की. २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या पुढे नेली. इतका सूक्ष्म अंश असलेल्या शाम्पूला नाव सांगावं लागतं, आणि जवळजवळ शंभर टक्के तेच असलेल्या बाटलीवर लिहिलेलं असतं 'केमिकल-फ्री'.

मागणी

माझी मागणी फार मोठी नाही. झाडाचं शास्त्रीय नाव आणि कुठला भाग. मुख्य चार-पाच घटक, टक्क्यांसह. काढल्याची तारीख. किती पातळ करून, कशात मिसळून लावायचं. कुणी वापरू नये: किती वयाच्या आतल्या मुलांनी, गरोदर बायकांनी, फिट किंवा दमा असलेल्यांनी. पोटात गेलं तर काय करायचं: उलटी काढायची नाही, कारण तेल फुप्फुसात जाऊ शकतं; बाटली घेऊन थेट रुग्णालयात. एवढं असेल तर वाट्टेल तो सुगंध विका.

आणि 'केमिकल-फ्री' हा शब्द लेबलवरून हद्दपार व्हावा. तो साधा फुगवलेला दावा असता तर हसून सोडून दिला असता. पण तो शब्द प्रश्नच विचारू देत नाही. 'केमिकलच नाही' म्हटल्यावर किती, कुठलं, कुणाला चालेल, असं विचारायला जागा उरत नाही. माझ्या आईने म्हणून विचारलं नाही.

तुम्ही मात्र विचारा. पुढच्या वेळी कुणी असा फोटो पाठवला तर वाद घालू नका, एकच ओळ लिहा: "यात काय आहे?" उत्तर आलं नाही तर ते बाटलीबद्दल पुरेसं सांगून जातं.

मामाने या वर्षी निम्मं जिरेनियम मोडून ज्वारी केली. उरलेल्याची कापणी तारीख बघून, पाला वेळेवर घेऊन केली. नवा रिपोर्ट आलाय, प्रमाण सुधारलंय. त्याने मला शंभर मिली तेल पाठवलं, जुन्या सलाइनच्या बाटलीत. वर चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, त्यावर बॉलपेनाने, त्याच्या मोठ्या वाकड्या अक्षरात: जिरेनियम, पाला, तारीख, सिट्रोनेलॉल इतकं, जिरॅनिऑल इतकं. खाली एक ओळ, 'पोरांच्या हाती देऊ नये.'

सातारा-सांगलीत मी पाहिलेलं हे एकमेव पूर्ण लेबल आहे. आईने ती बाटली वरच्या फळीवर ठेवली आहे.